‘ईयोबातून मी काय शिकले?’ या प्रश्नाला उत्तर नसते तेव्हा

वाचकाचा प्रश्न : एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लहानपणापासून मंडळीत वाढल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ थोड्याच दिवसांच्या आजारात गेला. त्यानंतर त्या एका बायबल अभ्यासगटात जाऊ लागल्या आणि गेले आठ महिने हा गट बायबलमधील ईयोबाचे पुस्तक एकेक अध्याय करून वाचत आहे. (ईयोब हा नीतिमान माणूस एकाएकी संपत्ती, दहा मुले आणि आरोग्य गमावतो, भेटायला आलेले तीन मित्र त्याला उपदेश करतात, शेवटी परमेश्वर बोलतो आणि त्याला पूर्वीच्या दुप्पट देतो, अशी ती कथा आहे.) आता शेवटची बैठक आहे आणि ‘या पुस्तकातून मी माझ्या विश्वासासाठी काय शिकलो’ यावर प्रत्येकाने साक्ष द्यायची आहे. इतरांचे बोधपाठ तयार आहेत : देव परीक्षा घेतो पण दुप्पट देतो, धीर धरणाऱ्याला फळ मिळते, संकटात कुरकुर करू नये. त्या लिहितात, “मी आठ महिने एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते. शेवटी परमेश्वर बोलतो, तर तो शहामृगाविषयी बोलतो. माझ्या भावाच्या बदल्यात मला दुप्पट काय मिळणार? ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ असे म्हणायला माझे तोंड उघडत नाही. गटात मी अजून भावाचा विषयही काढलेला नाही. खरे बोलले तर नव्याने विश्वासात आलेल्यांचा विश्वास डळमळेल, बोधपाठ सांगितले तर खोटेपणा होईल आणि गेलेच नाही तर सगळे कारण विचारतील. इतके वाचूनही मी काहीच शिकले नसेन, तर माझा विश्वास मुळात होता का?”

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी ईयोबाचा १३वा अध्याय पुन्हा उघडला, कारण तुमचा पेच तेथे जवळजवळ तसाच्या तसा मांडलेला आहे. मित्रांचा उपदेश ऐकून जेरीस आलेला ईयोब त्यांना विचारतो, की देवाच्या वतीने तुम्ही खोटे बोलणार काय, त्याची बाजू राखायची म्हणून पक्षपात करणार काय (१३:७-८). असा छुपा पक्षपात केलात तर देव स्वतः तुमची कानउघाडणी करील, असेही तो बजावतो (१३:१०). शेवटच्या अध्यायात नेमके तेच घडते. परमेश्वर अलीफज तेमानी याला सांगतो, की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत (४२:७). ज्यांनी देवाची वकिली केली त्यांच्यावर देव रागावतो आणि ज्याने त्याला जाब विचारला त्याला ‘माझा सेवक’ म्हणतो. ईयोबाविषयी इतके बोलले जाते, पण हे एक वचन बहुतेक वेळा राहूनच जाते.

म्हणून तुमच्यापुढील पर्यायांपैकी एक मी सुरुवातीलाच बाजूला ठेवते. मनाला न पटलेले बोधपाठ दुसऱ्यांच्या विश्वासासाठी म्हणून सांगू नका. तुमचा हेतू चांगला असेल यात मला शंका नाही. त्या मित्रांचाही हेतू वाईट नव्हता. ते आपापल्या गावाहून मुद्दाम ठरवून आले, दुरून पाहून त्यांना ईयोब ओळखूही आला नाही, तेव्हा ते मोठ्याने रडले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसून राहिले (२:११-१३). त्या आठवड्याइतके चांगले काम त्यांनी पुढे केले नाही. प्रत्येक दुःखाला कारण असलेच पाहिजे आणि ते आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे त्यांना वाटू लागले तेथून त्यांचे बिघडले.

तुमच्या प्रश्नामागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती थोडी तपासून पाहू. शास्त्राच्या अभ्यासाचे फळ म्हणजे बोधपाठ आणि ज्याच्या हाती बोधपाठ लागला नाही त्याचा अभ्यास वाया गेला, असे आपण सगळेच मानतो. नीतिसूत्रे वाचताना किंवा याकोबाचे पत्र वाचताना ही अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी होते. ईयोबाच्या पुस्तकात मात्र बोधपाठ सांगण्याचे काम मित्रांकडे आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांच्यापाशी बोधपाठांची वाण नाही, आणि सुटी सुटी घेतली तर त्यांची कितीतरी वाक्ये सुंदर आहेत. ‘तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल’ या अर्थाचे वचन (८:७) तुम्ही शुभेच्छापत्रांवर पाहिले असेल. मी स्वतः एकदा एका शोकपत्रात ते लिहून पाठवले होते. पुष्कळ वर्षांनी तो अध्याय सलग वाचताना माझ्या लक्षात आले, की ते बिल्ददाचे वाक्य आहे आणि त्याच्या तीनच वचने आधी तो ईयोबाला सांगतो, की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिले (८:४). दहा मुले एका दिवशी गमावलेल्या बापाला हे सांगितल्यानंतर आलेले ते आश्वासन आहे. ज्या घरी मी ते पाठवले त्या घरातील कोणी ८वा अध्याय उघडून वाचला नसेल, अशी प्रार्थना मी आजही करते. त्या दिवसापासून ईयोबातील कोणतेही वचन उचलण्याआधी ते कोण बोलत आहे आणि कोणाशी बोलत आहे, हे मी पाहते.

‘कोणाशी’ हा प्रश्न तर मी तुमच्या हाती मुद्दाम देते. एक पेन्सिल घ्या आणि ३ ते ३१ या अध्यायांत जेथे जेथे देवाला ‘तू’ म्हणून हाक मारलेली आहे तेथे खूण करा. सगळ्या खुणा ईयोबाच्या बोलण्यात पडतील. मित्र देवाविषयी अस्खलित बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मित्रांना उत्तर देता देता मध्येच वळतो आणि वर तोंड करून विचारतो, की तू मला तुझ्या बाणांचे निशाण का केले आहेस (७:२०), तुझ्याच हातांनी मला घडवून आता तू माझा नाश का करतोस (१०:८). हे शब्द कडू आहेत, पण दुसऱ्या कोणाकडे नव्हे तर देवाकडेच वळून बोललेले आहेत. तुम्ही लिहिता की आठ महिने तुम्ही एकच प्रश्न विचारत होता. तो तुम्ही कोणाला विचारत होता? गटात तर तुम्ही तो विषयही काढलेला नाही. मग उरतो तो एकच श्रोता. ज्या माणसाचा विश्वास मुळातच नव्हता तो माणूस आठ महिने अशा श्रोत्याशी भांडत बसत नाही.

आता त्या प्रसिद्ध वाक्याविषयी. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम’ हे १ल्या अध्यायात आहे (१:२१) आणि ते खरेपणाने उच्चारलेले आहे. पण त्याच तोंडाने दोनच अध्यायांनंतर आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. मधे तो सात दिवसांचा मुका काळ गेला होता. पहिल्या तडाख्यात जे म्हणता येते ते पुढे म्हणता येईलच असे नाही, आणि तुम्हाला तर पहिल्या तडाख्यातही ते म्हणता आले नाही. ईयोबाच्या पत्नीलाही आले नाही. तिच्या वाट्याला पुस्तकात एकच वचन आले आहे, ‘देवाला शाप दे आणि मर’ या अर्थाचे (२:९), आणि त्यावरून तिला फार कठोर ठरवले जाते, पण गेलेली दहा मुले तिचीही होती. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराची वाखाणणी आहे (याकोब ५:११), आणि ती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गप्प बसून सोसणारा माणूस येतो. पुस्तकातील ईयोब गप्प बसत नाही. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा न सोडता टिकून राहणे असा आहे आणि त्या अर्थाने तुम्ही टिकलेल्या आहात. ४२ अध्याय तुम्ही अर्धवट सोडले नाहीत.

शहामृगाविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमची सर्वांत मोठी निराशा तेथे आहे. ३८ ते ४१ या अध्यायांत परमेश्वर वावटळीतून बोलतो आणि ईयोबाने विचारलेल्या ‘का’चे उत्तर देत नाही. १ल्या आणि २ऱ्या अध्यायांतील स्वर्गातील प्रसंग (सैतान ईयोबाच्या भक्तीविषयी शंका घेतो आणि परमेश्वर त्याला ईयोबाची परीक्षा घेऊ देतो) वाचकाला कळतो, पण ईयोबाला तो शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. येथपर्यंत तुमचे वाचन अगदी बरोबर आहे आणि ज्यांना या भाषणात दुःखाचे स्पष्टीकरण सापडते त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. तरीही एकदा ३रा आणि ३८वा हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. ३ऱ्या अध्यायात ईयोबाने इच्छा केली होती, की त्या रात्रीच्या पहाटेचे तारे काळे पडोत (३:९). ३८व्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, की मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा पहाटेचे तारे मिळून गात होते (३८:७). आईच्या उदराची दारे त्या रात्रीने बंद का केली नाहीत, असे ईयोबाने म्हटले होते (३:१०). परमेश्वर विचारतो, की समुद्र जणू उदरातून फुटून बाहेर पडला तेव्हा त्याला दारे लावून कोणी अडवले (३८:८). लिव्याथान या समुद्रातील अक्राळविक्राळ प्राण्याला जागे करणाऱ्यांचा उल्लेख ईयोबाने शापाच्या भरात केला होता (३:८), आणि ४१वा अध्याय सगळा लिव्याथानावर आहे. हे उत्तर प्रश्नाला सोडून दिलेले वाटते, पण ते ईयोबाच्याच शब्दांतून विणलेले आहे. ज्या दिवशी त्याला वाटत होते की आपले कोणी ऐकत नाही, त्या दिवसाचे त्याचे बोलणे कोणीतरी शब्द न शब्द ऐकले होते. हा बोधपाठ आहे की नाही हे मला सांगता येत नाही, पण मला स्वतःला धरून ठेवणारी गोष्ट तीच आहे.

शहामृग अंडी जमिनीवर टाकून जाते, ती कोणाच्या पायाखाली तुडवली जातील हे तिच्या ध्यानात राहत नाही, देवाने तिला शहाणपण दिलेले नाही, आणि तरी ती धावू लागली की घोड्याला व स्वाराला हसते (३९:१३-१८). या भाषणात जेथे माणूस राहत नाही अशा ओसाड जागी पाऊस पाडणारा देव आहे (३८:२६). भुकेने ओरडणारी कावळ्याची पिल्ले आहेत (३८:४१). जग असे आहे, की त्यात पुष्कळ काही माणसाच्या उपयोगासाठी नाही आणि माणसाच्या हिशेबात बसतही नाही. मित्रांचा सगळा उपदेश हिशेबाचा होता : इतके पाप, इतकी शिक्षा. त्या हिशेबातून तुमचा भाऊही सुटतो आणि तुम्हीही सुटता. त्याचे जाणे तुमच्या कोणत्याही चुकीची किंमत नव्हती.

ईयोबालाही परमेश्वर सुनावतो, हे मी लपवणार नाही. ज्ञान नसताना शब्दांनी माझी योजना अंधारात टाकणारा हा कोण, असे त्याला विचारले जाते (३८:२). रागाच्या भरात आपण देवाविषयी जे जे म्हणतो ते सगळे खरे असते असे नाही, आणि तुमच्या बाबतीतही हे एखाद्या दिवशी तपासून पाहावे लागेल. पण ते तपासणारे तुम्ही आणि परमेश्वर असाल. अभ्यासगटाने ते आजच उरकून घेण्याचे कारण नाही. ४२:६ मध्ये बहुतेक भाषांतरांनी ‘पश्चात्ताप करतो’ असे केले आहे. तेथील मूळ इब्री (हिब्रू) क्रियापदाला ‘सांत्वन पावणे’ असाही अर्थ आहे. मित्र ईयोबाचे सांत्वन करायला आले तेव्हाही (२:११) तोच धातू वापरलेला आहे.

आणि शेवटी ते ‘दुप्पट’. मेंढरे ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० होते ते ६,००० झाले, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी होत्या त्या प्रत्येकी १,००० झाल्या. मुले मात्र पूर्वी ७ मुलगे व ३ मुली होती, ती पुन्हा तितकीच झाली. काही भाष्यकार म्हणतात, की पहिली दहा देवाजवळ जिवंत आहेत म्हणून ती मोजणीतून गेलेलीच नाहीत. ती आशा मलाही प्रिय आहे, पण एखाद्याच्या दुःखावर बोळा फिरवण्यासाठी ती वापरू नये. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते ४२:११. १०व्या वचनात परमेश्वराने ईयोबाला दुप्पट दिले असे सांगून झाल्यावर ११व्या वचनात त्याचे सगळे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर जेवतात, त्याच्यावर आलेल्या विपत्तीबद्दल त्याचे सांत्वन करतात आणि प्रत्येक जण एक नाणे व सोन्याची एक अंगठी देतो. म्हणजे दुप्पट मिळाल्यावरही सांत्वन लागले. पुस्तक लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते, की उंटांनी मुलांची जागा भरत नाही. तुमच्या गटात कोणी ‘दुप्पट’ म्हणाले तर वाद घालू नका. ते वचन पुस्तकात आहेच आणि बोलणाऱ्याच्या मनात कोणते नुकसान दडलेले आहे हे आपल्याला माहीत नसते. फक्त पुढचे वचनही वाचावे, एवढे म्हणता येईल.

नव्याने विश्वासात आलेल्यांची तुम्हाला काळजी वाटते, ती योग्य आहे. पण त्यांचा विश्वास कशाने अधिक डळमळेल, याचा विचार करा. त्यांच्याही घरी कधीतरी मृत्यू येईल. त्या दिवशी त्यांना ‘विश्वास ठेवणाऱ्यांना असे प्रश्न पडत नाहीत’ हेच आठवले, तर ती माणसे एकटी पडतील. असे प्रश्न पडूनही प्रार्थनेला येणारी एक बहीण त्यांनी पाहिलेली असेल, तर त्यांच्यापाशी वाट असेल. दुसऱ्या टोकाला, आठ महिन्यांचा सगळा राग भर बैठकीत एका दमात ओतणे हेही मी सुचवणार नाही. लोक घाबरून लगेच उत्तरे देऊ लागतील आणि तुम्हाला त्याच संध्याकाळी आठ-दहा अलीफज ऐकावे लागतील. बैठकीला न जाणे हा पर्यायही चुकीचा नाही. त्या दिवशी अंगात त्राण नसेल तर ‘मला अजून बोलता येत नाही’ एवढे कळवणे पुरेसे आहे आणि कारण देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

पण जाण्याइतके बळ असेल तर आधी गट चालवणाऱ्यांना एकट्याने भेटा. त्यांना सांगा, की माझ्यापाशी बोधपाठ नाहीत, मी एकाच वचनापाशी अडले आहे आणि तेवढेच बोलणार आहे. माझे झाल्यावर कोणी मला समजावू नये, एक मिनिट शांतता ठेवावी. समंजस माणूस हे मान्य करील. बोलणे आधी लिहून काढा आणि ते अर्ध्या पानाच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण दुःखात बोलताना शब्द हातातून निसटतात. कागद समोर असला की कोठे थांबायचे हे आपल्या हाती राहते. ज्यांना सर्वांसमोर बोलणे मुळीच जमत नाही त्यांनी विश्वासातल्या एकाच माणसापुढे हे वाचून दाखवले तरी चालेल.

घरी एकांतात मात्र अर्ध्या पानाची मर्यादा नको. ८८वे स्तोत्र वाचा. ते अंधार या शब्दावर संपते, शेवटी कोणतेही समाधान जोडलेले नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तसे तुमचे स्वतःचे लिहा, ‘तू’ म्हणून लिहा आणि शेवटी ओढूनताणून आभार जोडू नका. ईयोबाने शेवटी मित्रांसाठी प्रार्थना केली (४२:८-१०), तीही तुम्हाला कधी करावीशी वाटेल, पण घाई नाही. त्यानेही ती परमेश्वराशी समोरासमोर बोलणे झाल्यावरच केली.

एक गोष्ट स्पष्टपणे विचारते. ३ऱ्या अध्यायातील ‘जन्मलोच नसतो तर बरे’ हे शब्द वाचताना ते आपलेच वाटतात का? झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, असे बरेच दिवस चालले असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, आणि आपला जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा, एकट्या राहू नका. प्रार्थना कमी पडली म्हणून डॉक्टरांकडे जावे लागले, असे कोणी म्हटले तर ते बिल्ददाचे बोलणे समजा.

अभ्यासगट चालवणाऱ्या वाचकांनाही माझी एक विनंती आहे. ईयोब, विलापगीत किंवा उपदेशक यांसारखे पुस्तक संपवताना ‘तुम्ही काय शिकलात’ याऐवजी ‘तुम्ही कोणत्या वचनापाशी थांबलात’ असे विचारून पाहा. ज्याच्यापाशी बोधपाठ आहे तोही त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि ज्याच्यापाशी नाही त्याला खोटे बोलावे लागत नाही.

ईयोबाला नंतर झालेल्या तीन मुलींची नावे पुस्तकात दिलेली आहेत : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूख (४२:१४). पहिल्या दहा मुलांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. मला ती जागा दर वेळी रिकामी वाटते. तुम्ही गटात भावाचा विषयही काढलेला नाही असे लिहिले आहे, म्हणून सुचवते. बैठकीत तुमची पाळी आली की आधी त्याचे नाव सांगा. तो कसा होता याविषयी दोन वाक्ये बोला. मग १३व्या अध्यायाचे ७वे वचन मोठ्याने वाचा आणि कागद खाली ठेवा.